'टर्न्ड' नेमकं कोणतं? लिंकिंग की ॲक्शन?

आठवीची_आई
पोरगा सेमी इंग्रजीत आहे आणि मी पक्की मराठी माध्यमाची. संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता त्याच्याबरोबर मीच शिकते. क्लासच्या वर्कशीटमध्ये क्रियापद लिंकिंग (कर्त्याला त्याच्या वर्णनाशी जोडणारं) की ॲक्शन (कृती सांगणारं) ते ओळखायचं होतं. त्यात 'द लीव्हज टर्न्ड यलो' होतं. त्याने ॲक्शन व्हर्ब लिहिलं, चूक. त्याच्याच खाली 'शी टर्न्ड द की', तिथे घाबरून लिंकिंग लिहिलं, तेही चूक! वर मलाच विचारतो, "आई, शब्द एकच आहे ना?" क्लासने लिंकिंगची एक यादी पाठ करायला दिलीय: ॲम, इज, आर, सीम, बिकम, लुक, टेस्ट... पण 'ही इज ईटिंग'मधलं 'इज' तर हेल्पिंगच्या, म्हणजे मुख्य क्रियापदाला मदत करणाऱ्यांच्या यादीतही आहे. कुणी मराठीत सांगेल का?

खडूवाले_आजोबा
ताई, यादी आधी बाजूला ठेवा. नुसता शब्द बघून काही ठरत नाही, वाक्यात तो काय काम करतो ते बघायचं. पानांनी काही फिरवलं नाही, ती पिवळी झाली. 'टर्न्ड'च्या जागी 'वेअर' घाला: 'द लीव्हज वेअर यलो'. अर्थ जरा हलला, पण जमलं, म्हणजे लिंकिंग. आता 'शी वॉज द की' म्हणून बघा. बाईच किल्ली झाली! म्हणून ते ॲक्शन.
आपल्याकडे हेच आहे. 'राम राजा झाला' आठवतंय? नुसत्या 'झाला'ने अर्थ पुरा होत नाही, म्हणून ते अपूर्णविधान क्रियापद; तो पुरा करणारा 'राजा' म्हणजे विधानपूरक. 'आमटी खारट लागते' आणि 'दगड पायाला लागला' यांतला फरक पोराला न शिकवता कळतो. आणि 'इज'चं कोडं म्हणजे आपलं 'आहे': 'तो डॉक्टर आहे'मध्ये ते जोडतं, 'तो जेवत आहे'मध्ये जेवण्याला नुसता हात देतं.

रात्रपाळी
माझी खूण वेगळी. लिंकिंगनंतर कर्त्याचं विशेषण येतं, क्रियाविशेषण नाही. 'द डॉग स्मेल्स बॅड' म्हणजे कुत्र्याला आंघोळ घाला. 'द डॉग स्मेल्स बॅडली' म्हणजे त्याचं नाकच कामातून गेलंय. मेलमध्ये 'आय फील बॅडली' लिहिण्याची सवय मला या कुत्र्यानेच सोडवली.

आठवीची_आई
आजोबा, जमलं! 'ही ग्रू टायर्ड' लिंकिंग, 'ही ग्रू टोमॅटोज' ॲक्शन. "नाहीतर तो स्वतःच टोमॅटो होईल," म्हणून पोरगा लोळून हसला. आता एकच अडलंय: 'द विंडो वॉज ब्रोकन'. यातलं 'वॉज' कोणतं?

खडूवाले_आजोबा
दोन्ही होऊ शकतं. 'द विंडो वॉज ब्रोकन बाय द बॉल' म्हणजे चेंडूने ती फोडली, तिथे 'वॉज' हेल्पिंग. खिडकी महिनाभर फुटकीच होती असं म्हणायचं असेल, तर 'ब्रोकन' विशेषण आणि 'वॉज' लिंकिंग. मागचंपुढचं न देता हा प्रश्न विचारणं मला तरी पटत नाही. वाक्य कुठल्या वर्कशीटमधलं आहे?

आठवीची_आई
वर्कशीटमधलं नाही हो. खिडकी आमच्या शेजाऱ्यांची आहे आणि माफीची चिठ्ठी पोराला इंग्रजीत लिहायचीय. म्हणजे हेल्पिंगच. चेंडू त्याचाच होता.