टोपडं विणताना पॅटर्नशी झालेल्या झटापटी

मार्चमध्ये लेकीकडे बाळ येणार, न्यू जर्सीला. मी क्रोशे शिकले ते मावशीच्या हाताकडे बघून. तोरणं, रुमाल, ताटावरची जाळी, सगळं बघून बघून. कागद वाचून काही विणायची वेळच आली नव्हती. या वेळी लेकीने तिकडचा छापील पॅटर्न पाठवला आणि म्हणाली, "आई, हीच टोपी हवी."

पानभर नुसती टाक्यांची इंग्रजी आखूड नावं: सीएच, डीसी, एसएल एसटी. माझ्याकडे आईच्या वेळची, इंग्लंडमध्ये छापलेली एक पुस्तिका आहे. तिच्यातली यादी काढली. डीसी म्हणजे मुका खांब, बुटका टाका. झालं, बसले विणायला. बारा टाके, चोवीस, छत्तीस... तिसऱ्या फेरीला कडा लाटांसारख्या उठायला लागल्या. मला वाटलं, धुतल्यावर बसतील. पाचव्या फेरीला हातात टोपी नव्हती, फ्लॉवरचा गड्डा होता.

भाचीने बघितलं आणि हसत सुटली. अमेरिकेतला डीसी म्हणजे आपला पूर्ण खांब, उंच टाका! ब्रिटिश त्यालाच ट्रेबल म्हणतात, आणि त्यांचा डीसी म्हणजे आपला मुका खांब. मुका खांब बुटका, त्याच्या गोलाला दर फेरीला सहाच टाके वाढवले की पुरतं. मी बारा वाढवत होते, मग फुलणार नाही तर काय! ओळखायची खूण अशी की पानावर कुठेही एससी (अमेरिकेतला मुका खांब) दिसलं तर पॅटर्न अमेरिकन, कारण ब्रिटिशांच्या यादीत एससी नसतंच. माझ्या नशिबाने त्या अख्ख्या पानावर एकही एससी नव्हता.

तुमच्याही अशा फजित्या असतील, या धाग्यावर लिहा. मला अजून टोपी पुरी करायची आहे, त्यामुळे हे आमंत्रण थोडं स्वार्थीच आहे.

* * *

मी पुरुष, वय ६८, बँकेत कॅशियर होतो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घरात बसून सगळ्यांना वैताग द्यायला लागलो, तेव्हा सूनबाईने सुई हातात दिली.

मला अडवलं ते पॅटर्नमधल्या चांदण्यांनी, म्हणजे * या खुणांनी. ओळ अशी होती: "चांदणी, पुढच्या टाक्यात १ खांब, त्याच्या पुढच्यात २ खांब, चांदणी, फेरीभर पुन्हा (३६)." मी तेवढं एकदा विणलं आणि खालच्या ओळीवर गेलो. कंसातले ३६ म्हणजे ३६ वेळा करायचं की काय, असाही एक दिवस गेला. सूनबाई म्हणाली, "बाबा, तो तुमचा रोजमेळ आहे." तेव्हा लख्ख पडलं! दोन चांदण्यांमधलं जे आहे ते फेरी संपेपर्यंत करत राहायचं, आणि शेवटी हातात इतके टाके शिल्लक हवेत. मागच्या फेरीत २४ होते. दोन टाक्यांचे तीन होतात, म्हणजे बारा वेळा तीन, ३६. जमलं.

तेव्हापासून फेरी संपली की मोजल्याशिवाय पुढे जात नाही. एकदा ४८ च्या जागी ४७ आले. रात्रीचे साडेअकरा. घरचे म्हणाले, एका टाक्याने काय होतंय? अहो, कॅशमध्ये एक रुपया कमी आला तरी आम्ही घरी जात नसू. उसवलं.

* * *

काकांना सलाम. पण मोजून ४८ आले तरी टोपी डोक्याला बसेलच असं नाही, हे माझं रडगाणं. पॅटर्नमध्ये वर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, १० सेंटिमीटरमध्ये १६ टाके. मी ते नेहमी ओलांडून जायचे. माझा हात घट्ट, त्यात घरात होती ती बारीक लोकर घेतली. बहिणीच्या बाळाची टोपी माझ्या मुलीच्या बाहुलीला झाली.

आता मी टाक्यांवर कमी आणि पट्टीवर जास्त विश्वास ठेवते. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं डोकं साधारण ३५ सेंटिमीटर, सहा महिन्यांचं ४३ च्या आसपास. टोपी ताणते, म्हणून घेर दोनेक सेंटिमीटर कमीच ठेवायचा. ३३ भागिले ३.१४, साडेदहा. वरची चकती साडेदहा सेंटिमीटर रुंद झाली की वाढवणं बंद, तिथून सरळ खाली. आमच्या घरची एक बशी नेमकी तेवढी आहे, तिच्यावर चकती ठेवून बघते. वाटीसारखी वळली तर टाके कमी पडताहेत.

* * *

फेरीच्या सुरुवातीच्या ३ साखळ्या! त्या तीन मिळून एक खांब मोजायचा की नाही हे कुठेतरी वरच्या टीपेत दडवलेलं असतं. मी मोजल्याही आणि त्यांच्या बुडाशी आणखी एक खांबही घातला. दर फेरीला एक जास्त. बाकी काही नाही, एवढंच सांगायचं होतं.

* * *

मला इंग्रजी फारसं वाचता येत नाही, म्हणून मी जपानी पॅटर्न वापरते. हसू नका! जपानीही येत नाही, पण तिथे चित्र असतं. लंबगोल म्हणजे साखळी, फुली म्हणजे मुका खांब, इंग्रजी टीसारखी दांडी म्हणजे अर्धा खांब, दांडीवर एक तिरकी रेघ आली की पूर्ण खांब. रेघ म्हणजे सुईवर एकदा दोरा घ्यायचा. दोन दांड्यांचे पाय एकाच जागी टेकले असले की एका टाक्यात दोन. मधून सुरू करायचं आणि घड्याळाच्या उलट फिरत बाहेर जायचं, रांगोळीसारखं.

माझी धाकटी डावखुरी. ती त्याच चित्रावरून घड्याळाच्या दिशेने जाते, टोपी तीच होते.

* * *

मी नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात नर्स आहे. लोक प्रेमाने टोप्या आणून देतात, पण निम्म्या वापरता येत नाहीत. दीड किलोच्या बाळाचं डोकं २८-२९ सेंटिमीटर असतं, आणि पॅटर्नवर 'नवजात' लिहिलेली टोपी त्याच्या नाकापर्यंत येते. आईच्या छातीशी उघड्या अंगाने बाळ ठेवतात तेव्हा त्याला लंगोट, मोजे आणि टोपी एवढंच असतं. ती डोळ्यांवर घसरली की आई दर दोन मिनिटांनी सारखी करत बसते.

तेव्हा मणी नको, गोंडा नको, रिबीन नको. खांबांची जाळी सुंदर दिसते, पण ऊब मुक्या खांबाला जास्त. दोऱ्याची टोकं आत नीट लपवा, आणि आधी स्वतःच्या गालाला घासून बघा. घरी गेल्यावर बाळ झोपलं की टोपी काढायची, हे आम्ही प्रत्येक आजीला सांगतो. आज्या ऐकत नाहीत.

* * *

मीच, धागा काढणारी. ही आजी ऐकेल, सिस्टर.

गड्डा उसवून पूर्ण खांबांनी पुन्हा सुरुवात केली. चकती बशीवर ठेवली, सपाट बसली. काकांचा रोजमेळही लावला: बारा, चोवीस, छत्तीस, अठ्ठेचाळीस, सगळं बरोबर. काल रात्री पाचवी फेरी संपली, साठ हवेत, एकोणसाठ येताहेत. तीनदा मोजले. सुरुवातीच्या ३ साखळ्या धरून मोजायचे आहेत, हो ना?