बाळाच्या रिपोर्टमधले ठळक आकडे

ताई, अडीच महिन्यांच्या बाळाचं हिमोग्लोबिन ९.८, लिम्फोसाइट्स (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) ६५ टक्के आणि लघवीत पस सेल्स (पू-पेशी, इन्फेक्शनची खूण असू शकतात) ८-१० आल्याने तुम्ही हादरलात, साहजिकच आहे. पण आधी रिपोर्टच्या उजव्या रकान्यातली 'नॉर्मल रेंज' बघा. बऱ्याच लॅब तिथे मोठ्यांचीच रेंज छापतात, मग बाळाचा चांगला आकडाही ठळक होऊन येतो.

जन्मानंतर बाळ स्वतः श्वास घेऊ लागलं की रक्तात ऑक्सिजन भरपूर होतो आणि लाल पेशी तयार व्हायचा वेग काही आठवडे मंदावतो. त्यामुळे पूर्ण दिवसांच्या बाळाचं हिमोग्लोबिन ८ ते १२ आठवड्यांच्या सुमारास ९ ते ११पर्यंत उतरतं, पुढे आपोआप चढतं. म्हणून स्वतःच्या मनाने आयर्नचे थेंब सुरू करू नका. या वयात लिम्फोसाइट्स जास्तच असतात.

लघवीचं मात्र नीट विचारा. नमुना बाळाच्या त्वचेला चिकटवायच्या पिशवीतून घेतला होता का? त्यात त्वचेवरचे जंतू सहज मिसळतात, पिशवीतल्या नमुन्याच्या कल्चरवरून (जंतू वाढवून बघायची तपासणी) इन्फेक्शन पक्कं ठरवता येत नाही. डॉक्टरांना शंका असेल तर ते लघवीच्या मार्गात बारीक नळी घालून नमुना घेतील आणि कल्चर करतील. ऐकायला नको वाटतं, पण खात्री त्यानेच होते.

आणि ताप १००.४ किंवा वर गेला, बाळ दूध ओढेनासं झालं, मलूल वाटलं, तर इथल्या उत्तरांची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा, रात्र असली तरी.