पावसाळ्यात डबल बासच्या तारा उंच झाल्यात, घोडी (तारा पेलणारा लाकडी ब्रिज) घासून घ्यावी का?

वाघबीळ_खर्ज:
घर ठाण्यात, खाडीजवळ. बास (उभं धरून वाजवायचं मोठं तंतुवाद्य) थ्री-फोर्थ मापाचा, अखंड लाकडातून कोरलेला. वाजवतो जॅझ, बोटांनीच. मे महिन्यात फिंगरबोर्डच्या (तार दाबायच्या पट्टीच्या) टोकाशी ‘जी’ ही सर्वांत बारीक तार ६ मिमी आणि ‘ई’ ही सर्वांत जाड तार ९ मिमी उंच होती, आता ८ आणि ११. वेगवान वॉकिंग (ठोक्यागणिक एक सूर) दोन कोरसनंतर, म्हणजे चालीच्या दोन आवर्तनांनंतर, हाताला झेपत नाही. ‘ए’ तारेवर मधूनच झर्रर्र येतं. महिनाअखेर कार्यक्रम आहे. घोडी घासून घेऊ?

लाकूडवाला:
कानस लावूच नका. दमट हवेत वरची फळी फुगून उचलली जाते, तिच्याबरोबर घोडीही. नोव्हेंबरात फळी खाली बसली की तीच घासलेली घोडी बुटकी पडणार आणि चारही तारा फिंगरबोर्डवर आपटणार.

घोडीच्या पायांत उंची कमीजास्त करायची चाकं आहेत का? असतील तर तारा थोड्या सैल करा, दोन्ही चाकं सारखी, पाव-पाव फेरा फिरवा, पुन्हा सुरात आणून मोजा. दर वेळी घोडीचा माथा फिंगरबोर्डकडे झुकला नाही ना, ते बघा. सगळ्या तारा एकदम उतरवू नका. साउंडपोस्ट (घोडीखाली आत उभा असलेला लाकडी दांडा) चिकटवलेला नसतो, नुसत्या दाबावर उभा असतो; आत पडला की कारागीर गाठावा लागेल.

कोपरी_पूर्व:
झर्रर्र बहुधा उघडलेल्या सांध्याची. कडेकडेने बोटाच्या पेराने ठोकत जा. भरीव आवाज मध्येच खडखडीत झाला की जागा सापडली. तिथे सरसच (प्राण्यांच्या कातड्याचा पारंपरिक गोंद) हवा, फेव्हिकॉल अजिबात नको. सरसाचा सांधा ताण आला की सुटतो, फेव्हिकॉलचा सुटत नाही, मग लाकूडच तडकतं.

खोलीत आर्द्रतामापक ठेवा. ५०-५५ टक्के उत्तम, पण ६५ वर स्थिर राहिलं तरी चालेल. रात्री एसी, दिवसभर खिडक्या उघड्या, हा झोका जास्त मारतो.

वाघबीळ_खर्ज:
चाकं नाहीत.

लाकूडवाला:
मग बसवून घ्या. पाय कापून आटे पाडायचे असतात, घरी करायचं काम नाही. महिनाअखेरपर्यंत जमलं नाही तर कमी ताणाच्या तारा लावा, स्पायरोकोअर या तारांचा ‘वाइख’ (मऊ) प्रकार चालेल. उंची तीच राहील, बोटांना मात्र आराम. बदलताना एकेकच.

लो_एंड_ऐरोली:
आणि पिकअप (वाद्याचा आवाज उचलणारं यंत्र) पिझो प्रकारचा असेल तर हॉलच्या मिक्सरच्या लाइन इनपुटला थेट जोडू नका, खर्ज गळून नुसता टणटणाट उरतो. मध्ये किमान १ मेगाओहम इनपुटचा प्रीअँप (सिग्नल सावरणारा छोटा अँप) हवा. ई तार ४१ हर्ट्झची, त्यामुळे हाय-पास (खालची कंपनं कापणारा फिल्टर) ३५ हर्ट्झच्या आसपास ठेवा. घुमायला लागलं (फीडबॅक आला) तर आधी प्रीअँपवरचं फेजचं बटण उलटं करून बघा.