दुब्रोव्हनिकला क्रूझने जाताना

भुसावळच्या ताईंनी विचारलंय की सासू-सासऱ्यांसोबत क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकमध्ये सात तासांत काय जमेल. आधी व्हिसाची एक गोष्ट. तुमचं जहाज मध्येच मॉन्टेनेग्रोतल्या कोतोरला थांबणार असेल, तर लक्षात घ्या, मॉन्टेनेग्रो शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) नाही. क्रोएशिया 2023 पासून आहे. तिथून परत शेंगेनमध्ये यायचं तर मल्टिपल एंट्रीच (एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा व्हिसा) हवी. व्हीएफएसचा (व्हिसाचे अर्ज घेणारी कंपनी) फॉर्म भरतानाच बघा.

मोठी जहाजं ग्रुझ बंदरात लागतात. तिथून जुनं शहर सुमारे तीन किलोमीटर. बसने जुन्या शहराच्या पिले दरवाजापर्यंत जा. तिकीट टपरीवर घ्या, ड्रायव्हरकडे महाग पडतं.

जुन्या शहराची तटबंदी जवळपास 1,940 मीटर. फिरायचं एकाच दिशेने, पायऱ्या खूप आणि सावली जवळजवळ नाहीच. आपल्याला जळगावच्या उन्हाची सवय असली तरी पांढऱ्या दगडावरून परतणारं ऊन डोळ्यांत घुसतं, म्हणून टोपी-गॉगल हवाच. सकाळी पिलेला रांग लागते. पूर्वेच्या प्लोचे दरवाजाकडून चढलात तर गर्दी कमी. सासू-सासऱ्यांना मात्र तटावर नेऊ नका, खरंच. स्त्रादुन हा मुख्य रस्ता सपाट आहे, तिथेच फिरू द्या. फक्त त्याची फरशी शतकानुशतकं पायांनी घासून आरशासारखी झालीये, ओली असली की गुळगुळीत चपला सटकतात. रबरी तळाचे बूट घाला. पिलेजवळच्या ओनोफ्रिओच्या कारंज्याचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या तिथेच भरा.

परतीला पिलेच्या थांब्यावर गर्दी होते, तासभर हातात ठेवा. घड्याळ जहाजाच्या वेळेचं धरा, मोबाईलच्या नाही.