मेसोथेलिओमाने मृत्यू, नोकरी सुटून 22 वर्षं झालेली. भरपाई मागता येते का?

वाशिष्ठीकाठ
शेजारच्या कुटुंबासाठी विचारतोय. माणूस लॅगर (बॉयलर-पाइपवर उष्णतारोधक थर चढवणारा) होता, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपनीत, 1979 ते 2003. पहिली सहा वर्षं ठेकेदाराकडे, मग कायम. काम बॉयलर हाउसमध्ये: जुनं लॅगिंग फोडायचं, पाइपला अ‍ॅसबेस्टॉसची दोरी गुंडाळायची, वरून लिंपायचं. जानेवारी 2025 मध्ये बायोप्सीत प्लूरल मेसोथेलिओमा (फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) निघाला, ऑगस्टमध्ये गेला. वय 67. शेवटचा पगार 8,400. मृत्यूच्या दाखल्यावर कारण फक्त 'कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट' (हृदय आणि श्वास बंद पडणं). पत्नी आता चिपळूणजवळ गावी असते. कंपनीचा माणूस दीड लाख घ्या आणि सही करा म्हणतोय. घ्यावेत का?

तारीख पे तारीख
सही अजिबात नको. मृत्यूची भरपाई मालकाने नुकसानभरपाई आयुक्तांकडे जमा करायची असते. परस्पर वारसाच्या हातात दिलेली रक्कम कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या कलम 8 प्रमाणे भरपाई धरलीच जात नाही. हक्क सोडल्याचा करारही कलम 17 ने रद्दबातल.

मृत्यू नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू होण्याआधीचा (ती 21 नोव्हेंबर 2025 पासून), म्हणून कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, 1923 धरूनच अर्ज करा. त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत अ‍ॅसबेस्टॉसमुळे होणारा फुफ्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा थेट नमूद आहेत. मुदत मृत्यूपासून दोन वर्षं. कलम 21 मुळे अर्ज पत्नी राहते तिथल्या आयुक्तांकडेही चालतो, ठाण्याला खेटे घालायची गरज नाही. ठेकेदाराकडच्या सहा वर्षांसाठी कलम 12 खाली मूळ मालक जबाबदार.

खरी मारामारी पगारावर होईल. सूत्र असं: मासिक वेतनाचा निम्मा भाग गुणिले वयाचा गुणक. 65 आणि पुढच्या वयाला गुणक 99.37. वेतनाची कमाल मर्यादा 15,000, ती धरली तर 7,45,275 रुपये. कंपनी 2003 चे 8,400 धरायला लावेल, मग 4,17,354. त्याच कामावरच्या लॅगरचा आजचा पगार काय, याचा पुरावा जोडून वरच्या आकड्यासाठी भांडा. मालकाने महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर वर 12 टक्के व्याज, आणि विनाकारण टाळाटाळ केल्यास 50 टक्क्यांपर्यंत दंड.

ब्लॉक आणि स्लाइड
वैद्यकीय बाजू आधी पक्की करा, दावे इथेच पडतात. 'अरेस्ट' हे मरणाचं कारणच नव्हे, हृदय सगळ्यांचंच थांबतं. रुग्णालयाकडून फॉर्म 4 ची (मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र) प्रत घ्या. त्यात पहिल्या भागात मूळ कारणाच्या ओळीवर मेसोथेलिओमा हवा. नसेल तर बायोप्सीचा अहवाल जोडून उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लेखी दुरुस्ती मागा.

पॅथॉलॉजीतून पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला बायोप्सीचा तुकडा) ताब्यात घ्या, नुसता अहवाल पुरत नाही. अहवालात पेशी ओळखायच्या खुणांपैकी कॅलरेटिनिन व डब्ल्यूटी-1 पॉझिटिव्ह आणि टीटीएफ-1 निगेटिव्ह असं असेल तर 'हा साधा फुफ्फुसाचा कॅन्सर' हा युक्तिवाद लंगडा पडतो. एचआरसीटीची (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन) सीडी मिळवा, प्लूरल प्लाक (फुफ्फुसाच्या आवरणावरचे जाड चट्टे) दिसले तर संपर्काचा भक्कम पुरावा. बिडी ओढत होता म्हणतीलच. मेसोथेलिओमाचं कारण धूम्रपान नव्हे, हे डॉक्टरांच्या पत्रात एका ओळीत लिहून घ्या.

वाशिष्ठीकाठ
आभार. पण नोकरी सुटून दोन वर्षांत लक्षणं दिसायला हवी होती, असं कंपनीचा वकील म्हणतो.

तारीख पे तारीख
हा कलम 10 मधला ठरलेला डाव. हा आजार संपर्कानंतर साधारण 20 ते 50 वर्षांनी उठतो, त्यामुळे तो अर्थ घेतला तर अनुसूचीतली नोंदच निरुपयोगी. सर्वोच्च न्यायालयाचा 27 जानेवारी 1995 चा निकाल जोडा, कंझ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार. त्यात अ‍ॅसबेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून 40 वर्षं किंवा नोकरी सुटल्यावर 15 वर्षं, यांतलं जे उशिरा असेल तोवर ठेवायचा आदेश आहे. आजार उशिरा येतो हे गृहीत धरूनच तो दिलाय. सोबत विलंब माफीचा अर्ज आत्ताच जोडा, मागाहून सुचलेला दिसला की न्यायाधीश वैतागतात.

हजेरीपट
ईएसआयचं (कर्मचारी राज्य विमा) कोणी बोललं नाही. 2003 मध्ये त्यासाठी पगाराची मर्यादा 6,500 होती, म्हणजे शेवटी तो बाहेर असेल. पण आधीची वर्षं विम्यात गेली असतील तर कंपनी ईएसआय कायद्याचं कलम 53 (विमा असेल तर मालकाकडून भरपाई नाही) पुढे करेल. जुनं कार्ड किंवा पगारपत्रकातली कपात शोधा. विमा क्रमांक सापडला तर महामंडळाकडे अवलंबितांचा लाभही मागा: पूर्ण दराच्या तीन पंचमांश विधवेला, आणि तो दरमहा मिळतो.

पुराव्यासाठी पीएफचा उतारा (त्यावर कंपनीचा कोड असतो), नेमणूकपत्र, गेटपास, आणि त्याच बॉयलर हाउसमधल्या दोघा-तिघांची प्रतिज्ञापत्रं. प्रतिज्ञापत्रात 'धूळ असायची' एवढंच नको. दोरी कुठून यायची, पोती कशी फोडायचे, मास्क होता का, कपडे घरी धुवायचे का, असं लिहा. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे माहिती अधिकारात त्या कारखान्याचे तपासणी अहवाल मागा, वर्षं स्पष्ट लिहून. 'सर्व नोंदी द्या' म्हटलं की अर्ज परत येतो.

जाता जाता: घरी कपडे धुणाऱ्या पत्नीलाही धोका असतो. ती कर्मचारी नसल्याने या कायद्यात बसत नाही, पण तिचा छातीचा एक्स-रे आत्ता काढून ठेवा.