इनामगावची बिनशिराची बाई: देवी खरी, पण सुफलतेची कशावरून?

घोडनदीकर

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठावर इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी असे मोठे पुरातत्त्वज्ञ त्यात होते. आरंभीच्या जोर्वे काळातल्या (तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या ताम्रपाषाण शेतकऱ्यांच्या), म्हणजे इसवी सनापूर्वी १३००च्या आसपासच्या एका घरात, जमिनीखाली कोपऱ्यात पुरलेली मातीची लंबगोल पेटी सापडली. आत एक स्त्रीमूर्ती. वर झाकण. त्यावर दुसरी स्त्रीमूर्ती, हिला डोकंच नाही, आणि सोबत एक बैल. बाईच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक. दोन्हींत काडी बसवली की बाई बैलावर उभी राहते. सगळं कच्च्या मातीचं.

कोणी खेळणं इतक्या निगुतीने पुरून ठेवत नाही. ही पूजेची वस्तू आहे, हे मला पूर्ण मान्य. माझा आक्षेप पुढच्या उडीला आहे. देवी म्हटलं की लगेच सुफलता, तिथून आदिमाता, तिथून मातृसत्ताक समाज. पोटातलं भोक काडीसाठी आहे, त्यात गर्भाशय कशाला शोधायचं?

हे एका इनामगावचं नाही. उत्तर प्रदेशातल्या बेलन खोऱ्यात लोहंदा नाल्याजवळ, अश्मयुगातला म्हणून सापडलेला हाडाचा तुकडा पुस्तकांत मातृदेवता म्हणून छापला जातो. तो शिकारीच्या काटेरी हत्याराचा तुटका भाग आहे, असं मत अभ्यासकांनीच मांडलंय. हडप्पा आणि मोहेंजोदडोला मातीच्या बायका ढिगाने मिळतात, त्यातल्या पुष्कळ मोडक्या, केरकचऱ्यात. आणि गुजरातेत? लोथलसारख्या हडप्पाकालीन ठिकाणी त्या फारच तुरळक. तिथली माणसंही पेरतच होती ना? पीक आणि पोर मागायला बाईची मूर्ती लागत असेल, तर तिथल्यांना ती गरज का पडली नाही?

मृण्मयी

घोडनदीकर, गुजरातचा मुद्दा वजनदार आहे, पण त्यातून तुम्ही काढता ते निघत नाही. मूर्ती तुरळक, एवढंच कळतं. पूजा नव्हती हे कसं कळलं?

आणि हडप्पाच्या मोडक्या बायकांबद्दल एक गोष्ट तुम्ही गाळलीत. त्यांच्यातल्या काहींच्या पंख्यासारख्या शिरोभूषणाला दोन्ही बाजूंना वाट्या आहेत आणि काही वाट्यांत काजळीसारखे डाग आहेत. दिवा किंवा धूप लावला असावा, असं मोहेंजोदडोचं उत्खनन करवणाऱ्या जॉन मार्शलच्या काळापासून म्हटलं जातं. काम झाल्यावर मोडून टाकणं हे आपल्याला नवं आहे का? हडप्पाचीच एक मुद्रा आहे. उलटी बाई, पाय फाकलेले, आणि योनीतून रोप उगवतंय. याला सुफलता म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

पुढे तेर, नेवासे, भोकरदन. तिथे लज्जागौरी मिळते. शीर नाही, पाय उत्तान. कित्येक ठिकाणी शिराच्या जागी कमळ. रा. चिं. ढेरे यांनी तिचा धागा रेणुका-यल्लम्मापर्यंत, भूमीपर्यंत आणि वारुळापर्यंत नेऊन दाखवलाय. इनामगावची बाई बिनशिराची, नेवाशाच्या ताम्रपाषाण थरातलीही बिनशिराची. एवढ्या जवळच्या गावांत हे सगळं योगायोगाने होतं असं मी मानणार नाही.

घोडनदीकर

मृण्मयीताई, मधली वर्षं मोजा. इनामगाव इसवी सनापूर्वी ७००च्या सुमारास ओस पडलं. तेरच्या लज्जागौरी सातवाहनकाळाच्या पुढेमागे येतात. मध्ये कितीतरी शतकं रिकामी. शिवाय लज्जागौरीची ओळख नुसत्या नसलेल्या शिरावर नाही, उत्तान पायांवर आहे. इनामगावची बाई सरळ काडीवर उभी राहते. पाय फाकलेले नाहीत, कमळ नाही, रोप नाही. तुमच्या पुराव्यात सगळ्यात बोलकं जे आहे, तेच नेमकं इथे नाही.

डिचोलीकार

त्या रिकाम्या शतकांबद्दल मी बोलतो, कारण आमच्या गोव्यात याचं उत्तर रोज दिसतं. सांतेरी. गावोगाव तिची देवळं आहेत आणि मूळ पूजा वारुळाची. काही देवळांत गाभाऱ्यात आजही वारूळच आहे. मूर्ती पुढे आली, मुखवटे पुढे आले. उद्या गाव उठलं आणि हजार वर्षांनी कोणी खणलं, तर त्या वारुळातून काय हाती लागणार? माती. आणि अहवालात लिहितील, इथे देवी नव्हती.

सोन खोऱ्यातलं बाघोर बघा, मध्य प्रदेशात सिधी जिल्ह्यात. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अलाहाबाद आणि बर्कली विद्यापीठांच्या पथकांना तिथे दगडगोट्यांचा साधारण ८५ सेंटिमीटर व्यासाचा गोल चौथरा मिळाला. त्यात त्रिकोणी दगडाचे तुकडे होते. जोडले तर दगड जेमतेम १५ सेंटिमीटर उंच, आणि त्याच्या अंगावर एकात एक त्रिकोण, निसर्गानेच घडवलेले. काळ सुमारे दहा-अकरा हजार वर्षांपूर्वीचा. त्याच भागातले कोल आणि बैगा लोक आजही तसेच दगड चौथऱ्यावर मांडून माई म्हणून पूजतात. इथे बाईची मूर्ती कुठेच नाही. मूर्ती मोजून पूजा मोजायला गेलात तर पूजेचा बहुतेक भाग हातून सुटेल.

आमच्याच गोव्यात जन्मलेल्या दामोदर कोसंबींनी पुण्याच्या आसपास हेच केलं. गावाबाहेरच्या शेंदूर फासलेल्या आयांची ठाणी पायी हिंडून पाहिली आणि त्यांतल्या कितीतरी ठिकाणी बारीक गारगोटीची हत्यारं मिळाली. जुन्या वाटा आणि जुन्या आया एकाच ठिकाणी.

पांढरीची माती

तुम्ही दोन्ही बाजूंनी मूर्तीकडेच बघताय. त्याच इनामगावात घरांच्या जमिनीखाली आणखी काय होतं ते बघा. लहान मुलं. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, आत मूल. मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालून पाय तोडलेले. आणि दफनांत मोठा वाटा मुलांचाच.

ज्या घरात पायाखाली आपलंच लेकरू आहे, तिथली आई काय मागेल? मूल होऊ दे, एवढंच? की झालेलं मूल जगू दे? आपल्याकडे मूल झाल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी सटवाई पुजतात, ती बाळाचं बरंवाईट लिहिते म्हणून. तिच्या पूजेत जीव मुठीत धरलेल्या आईची भीती आहे. मला ती पुरलेली पेटी या बाजूने वाचावीशी वाटते. सुफलता हा शब्द फार गुबगुबीत आहे, त्यात मेलेलं मूल बसत नाही.

शेणसडा

एक राहून गेलं. सगळं कच्च्या मातीचं आहे. भांडी उत्तम भाजणारे लोक होते हे, जोर्व्याची लाल भांडी अजून खणखणतात. मूर्ती भाजायचीच नाही असं त्यांनी ठरवलेलं दिसतं. हरतालिकेला आपण वाळूची पिंड करतो आणि नंतर विसर्जन करतो, तसं ते एका प्रसंगापुरतं केलेलं असणार.

घोडनदीकर

शेणसडा, हे पटतं, आणि माझ्याच बाजूने जातं. प्रसंगापुरतं केलेलं म्हणजे तो प्रसंग कोणता हे शोधायला हवं. नांगरणी? बाळंतपण? साथ? पांढरीची माती म्हणतात ते मला यात सगळ्यात जवळचं वाटतं, कारण त्याला त्याच गावातल्या जमिनीखालचा आधार आहे. डिचोलीकार, बाघोरमध्ये चौथरा आहे, दगड आहे आणि त्याच मुलखात आजची पूजा आहे. तिथे मी हात जोडतो. इनामगावला आज त्या बाईला ओळखणारं कोणी आहे का? नाही. मग सांतेरी तिच्या गळ्यात घालू नका.

मृण्मयी

जीव वाचवणारी आणि जीव देणारी या दोन वेगळ्या देवी तुम्हा अभ्यासकांच्या कागदावर असतील. सात आसरांच्या पाण्यावर जाऊन बघा. पोर व्हावं म्हणून नवस तिथेच, झालेल्या पोराला बाधा झाली तर उतारा तिथेच, पाऊस लांबला तरी ओटी तिथेच. कोपऱ्यात परडीत माती घालून सप्तधान्य पेरणारी बाई घटाला विचारत नाही की तू पिकाचा की पोराचा. आणि घोडनदीकर, तुम्ही बैलाला अजून हातच लावलेला नाही. त्या बाईला उभं करायला सगळं सोडून बैलच का घेतला, तेही गहू-सातूची शेती करणाऱ्या गावात? याचं उत्तर द्या, मग पुढे बोलू.