बँकेत संगणक आला तेव्हाचा विरोध: नुसती भीती होती का?

लेजरकीडा:
संस्थेत काही नवं आलं की कुरकुरणाऱ्याला 'जुन्या वळणाचा' म्हणून मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही. सरकारी बँकांचंच घ्या. १९८३ साली कर्मचारी संघटनांशी करार झाला, त्यात यंत्रं किती आणि कुठे बसवायची यावर बंधनं होती. १९८४ मध्ये बँकांच्या संगणकीकरणावर रंगराजन समितीचा अहवाल आला, तरी शाखाशाखांत संगणक रुळायला नव्वदचं दशक उजाडलं. लोक म्हणतात, क्लार्क घाबरले. अहो, शाखेत मान कोणाला होता? संध्याकाळी बॅलन्सिंगला, म्हणजे दिवसाचा हिशेब जुळवताना, २७ रुपयांचा फरक आला की "नऊने भाग जातोय, आकडे उलटे पडलेत, ५८ चे ८५ शोधा" असं बसल्या जागी सांगणाऱ्याला. मॅनेजरही त्याच्या टेबलाशी येऊन उभा राहायचा. लेजरमधल्या, म्हणजे खातेवहीतल्या, नोंदी करणारं लेजर पोस्टिंग मशीन आलं आणि बेरजा, व्याज आपोआप पडायला लागलं. पगार तोच, पण त्याला विचारतो कोण? हे नुकसान कुठल्याच परिपत्रकात लिहिलेलं नसतं.

टोकननंबर४२:
तुमच्या मानापायी आम्ही बाकावर बसून राहायचं होय? पैसे काढायला गेलं की नंबराचं पितळी टोकन हातात, आणि चेक लेजरवरून ऑफिसरकडे, तिथून कॅशियरकडे. मधेच कोणाचा तरी चहा. बचत खात्यावर व्याज मिळायचं ते १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर. ११ तारखेला पगार जमा झाला तर त्या महिन्यात त्यावर शून्य! १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकीवर व्याज सुरू झालं. हजारो खात्यांचं हे गणित लेजरमध्ये हाताने केलं असतंत?

लालबावटा:
मानाबिनाचं जाऊ द्या, प्रश्न पोटाचा होता. २०००-०१ मध्ये स्वेच्छानिवृत्ती आणली आणि सरकारी बँकांतून सुमारे एक लाख लोक बाहेर पडले. संघटना पंधरा वर्षं हेच ओरडत होत्या.

टोकननंबर४२:
स्वेच्छेने ना? आमच्या शेजारच्या काकांनी त्या पैशांत फ्लॅट घेतला.

लालबावटा:
काकांची जागा भरली का पुन्हा, ते विचारा त्यांना.

माजी_शाखाधिकारी:
दोन्ही बाजू खालच्या लोकांबद्दलच बोलताय. सुरुवातीला लेजर आणि मशीन दोन्हीकडे त्याच नोंदी चालायच्या, म्हणजे काम दुप्पट आणि माणसं तेवढीच. त्यावर कुरकुर झाली तर चूक कोणाची? आणि खरी टाळाटाळ केबिनमध्ये होती, तिला कोणी विरोध म्हणत नाही इतकंच. मशीनवर कोणती नोंद कोणी पास केली ते दिसतं. अधिकाऱ्यांना हे नको होतं. म्हणून पासवर्ड चिठ्ठीवर लिहून क्लार्ककडे, "तूच कर रे पास." वर बैठकीत संगणकीकरणाच्या बाजूने भाषण करायला हेच पुढे!

टोकननंबर४२:
आणि पैसे आमचे. छान.

लेजरकीडा:
२०१० चा मुद्दा बिनतोड आहे, पण तो फायदा खातेदाराचा. क्लार्कच्या पदरात काय पडलं, हे बदल आणणाऱ्याने सांगायला नको? मशीनवर बसणाऱ्याला विशेष भत्ता ठरला, तेव्हा आमच्या शाखेत कोणीही संगणकाच्या नावाने बोटं मोडली नाहीत. ज्येष्ठता यादी काढून भांडले सगळे, मशीनवर पहिलं कोण बसणार म्हणून.